पस्तीस हजारांवर थांबलेली लाखोली

भाद्रपद लागला की मी वहीच्या एका पानाचे तीन रकाने करते. पहिल्यात फुलाचं नाव, दुसऱ्यात उमलण्याची वेळ, तिसऱ्यात त्याच्याकडे कोण येतं ते. यंदाचं पान आज सकाळी उघडलं आणि स्वयंपाकाला उशीर झाला, कारण दुपारपर्यंत ते भरूनही गेलं. घोसाळं, पहाटे, मोठा काळा भुंगा. काकडी, सातच्या सुमाराला, फुलोरी माशी. तुळस, ऊन अंगणात आल्यावर, निळ्या पट्ट्यांची माशी. ही एका मंजिरीवर दोन श्वासांपेक्षा जास्त थांबत नाही, त्यामुळे मोजणी हमखास चुकते. दुपारीचं फूल, नावाप्रमाणे बाराला, पिवळं फुलपाखरू. तूर अजून फुलायची आहे, तिची ओळ मोकळी ठेवली. आणि परसाच्या भिंतीपलीकडचा तुंबा, दिवसभर, सगळेच.

‘सगळेच’ असं लिहायची मला सवय नाही. मी नावं लिहिणारी बाई आहे. पण आज भिंतीवरून वाकून पाहिलं, तर पलीकडच्या मोकळ्या जागेत पांढरं शिंपण झालेलं आणि त्यावर एवढा गुणगुणाट, की शेजारी कोणी जातं फिरवतंय असं वाटावं. लहान काळ्या, डासाएवढ्या माश्या. पट्टेवाल्या. लांब सोंडेच्या. एक तर हिरवी, काचेच्या बांगडीसारखी चमकणारी; तिचं नाव मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. मी तशीच ओल्या हातांनी उभी राहिले आणि आमटी खाली लागली.

तुंबा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुडघ्याएवढं रोप. दांड्यावर थोड्या थोड्या अंतराने हिरवे गेंद, आणि प्रत्येक गेंदाभोवती कडं केल्यासारखी पांढरी फुलं, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. फूल ओढलं की अलगद निघून येतं आणि देठाच्या टोकाला गोडाचा एक थेंब असतो. महादेवाला ते आवडतं म्हणतात. बडोद्याचे गुजराती लोक त्याला कूबो म्हणतात, आणि ज्यांना बाग चोख ठेवायची असते ते त्याला तण म्हणून उपटतात. सात वर्षांपूर्वी मी उपटत नव्हते. मी त्याहून वाईट करत होते, आणि फार व्यवस्थित करत होते.

आमच्या वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद इंदू, विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे परत आल्या होत्या. त्या वर्षी त्या अठ्ठावीसच्या होत्या. घरात त्यांचा आवाज सहसा ऐकू येत नसे. मीठ हवं असलं तर वाटी जराशी पुढे सरकवायच्या. कोणाचं बाळंतपण आलं, कोणाकडे पापड घालायचे असले, की ‘इंदूला पाठवा’ असा निरोप यायचा, आणि त्या जायच्या. बडोद्याच्या महाराजांच्या राज्यात बायकांना शिक्षिका होता येत होतं, म्हणून आमच्या ‘ह्यांनी’ नातेवाइकांची बोलणी खाऊन त्यांना शिकवलं. परीक्षा झाली. डभोईच्या मुलींच्या शाळेत बागकाम शिकवायला बाई हवी होती. वन्संनी अर्ज केला आणि तिथल्या मोठ्या बाईंचं उत्तर आलं, चार ओळींचं. कागदावरचे गुण पाहिले, आता हाताचे पाहायचे आहेत. घरी भाजीची एक वाडी लावा. दसरा झाला की बडोद्याला येऊन पाहीन आणि मग ठरवीन.

ते पत्र वन्संनी तीनदा वाचलं, घडी करून परत उघडलं आणि चौथ्यांदा वाचलं. माझ्या घरात आठ वर्षं राहून त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ही जागा गेली असती तर दुसरी कधी निघेल हे कोणाला ठाऊक. मग आयुष्यभर दुसऱ्यांचे पापड.

मी लगेच कामाला लागले. मला दुसरं काही येत नाही.

विहिरीच्या मागचं परस वन्संनी खणलं. काकडी, घोसाळी, कारली, लाल भोपळा. बी त्यांनीच निवडलं, आळी त्यांनीच केली, मांडवही त्यांनीच बांधला. मी वहीत यादी केली. परस झाडून लख्ख करणे. पालापाचोळा जाळणे. मागच्या पडवीच्या खांबात भुंग्यांनी पाडलेली भोकं चुन्याने बुजवणे. कडेचं रान कापणे. एकेक काम झालं की त्यावर रेघ. आषाढ संपता संपता पानभर रेघा झाल्या आणि परस तर असं दिसायला लागलं, की पाहुण्याला ओट्यावर न बसवता आधी तिकडेच न्यावं.

आणि शेवटचं काम मी देवघरात बसून लिहिलं. वन्संना जागा मिळावी म्हणून महादेवाला लाखोली.

लाखोली म्हणजे एक लाख फुलं मोजून वाहायची. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून कार्तिकी एकादशीपर्यंत दिवस धरले शंभर, म्हणजे रोज एक हजार. एवढी फुलं कुठून आणणार? तगरीला रोज वीस आली तर डोक्यावरून पाणी. पण भिंतीपलीकडे तुंबा होता, हवा तेवढा. हिशेब इतका सुबक बसला की मला त्यातच देवाचा कौल दिसला.

त्या पहाटा मला अजून हातांत जाणवतात. दव पडलेलं असायचं, लुगड्याचा काठ भिजून पायाला चिकटायचा. मी गल्लीतल्या चार जणींना जोडून घेतलं होतं. भिंतीपासून बाभळीपर्यंत समोरच्या जिजाकाकू, बाभळीपासून उकिरड्यापर्यंत दुसरी, असे भाग वाटून दिले होते, म्हणजे एकीने खुडलेल्या जागी दुसरीचा वेळ जायला नको. फुलं सूर्य वर यायच्या आत खुडायची. माशी बसली की फूल उष्टं झालं, उष्टं देवाला कसं चालेल? म्हणून आम्ही माशीच्या आधी पोहोचायचो. शंभराची एक रांग, दहा रांगांचं ताट. उरली तर तुळशीच्या मंजिऱ्या, आघाडा, तेरडा, जे पांढरं-जांभळं सापडेल ते. उन्हं येईपर्यंत त्या जागेत नुसता हिरवा पाला उरायचा आणि बोटं अशी चिकट व्हायची की वहीचं पान उलटताना बोटाला चिकटून यायचं. रोज चिकट. रोज मी ती विहिरीवर धुवायची आणि तो कशाचा चिकटपणा आहे हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

आता लिहिताना हसू येतं. पस्तीस दिवस ते माझ्या बोटांवर होतं.

श्रावणात वेल फुलले. काय फुलले ते. मांडवावर पिवळ्याचा नुसता खच. काकडीच्या, घोसाळ्याच्या ज्या फुलांना फळ धरायचं असतं, त्यांच्या मागे इवलंसं फळ फुलाआधीच दिसतं. मी ती मोजून ठेवायची. आज अकरा, उद्या चौदा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती पिवळी पडायची, सुरकुतायची आणि गळायची. भोपळ्याचं एक लिंबाएवढं होऊन गळालं. सबंध श्रावणात चार वेलांवर मिळून एक फळ उभं राहिलं नाही.

मी कारणांची यादी केली. पाणी कमी? वाढवलं. जास्त? कमी केलं. ताक शिंपडलं, राख टाकली. कडेला लावलेल्या तुरीच्या पानांना कोणीतरी कात्रीने कापल्यासारखी गोल भोकं पडत होती. ती कीड समजून तिथेही राख. शेवटी मांडवाला काळं फडकं बांधलं. ‘हे’ कचेरीला निघताना त्या फडक्याकडे बघून म्हणाले, “दृष्ट लागायला आधी काहीतरी यावं लागतं.”

“तुम्हाला चेष्टा सुचते,” मी म्हटलं.

“मला नाही सुचत. मांडव बघितला की ती आपोआप होते.”

गळालेली फळं वेचून वन्सं एका मातीच्या परळात ठेवायच्या, आणि मी दिसले की परळ मांडवाआड करायच्या. दसरा जवळ येत होता आणि त्यांचं जेवण कमी होत होतं.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. हाताने पिकवलेल्या परसातल्या भाज्यांची एकच भाजी करायची, तेल-तिखट बेताचं. ज्यांच्या परसात वेल आहेत त्यांच्याकडे त्या दिवशी गल्ली येते. आमच्याकडे चार वेल आणि अळूची तीन पानं. मी दारात उभी होते, तर बाजव्याहून भाजी घेऊन येणाऱ्या मणीबेन टोपली उतरवत म्हणाल्या, “वहिनी, वाडी तुमची ने शाक माझ्याकडनं? आ तो नवाईची वात.”

“तुमच्याकडे हाताने खणलेल्यातलं काही असलं तर द्या. आमचं फळच धरत नाही.”

“बताओ जोऊं,” म्हणून त्या सरळ मागच्या दारी गेल्या. मी मागून. वन्सं विहिरीवर कळशी घासत होत्या. मणीबेन मांडवाखाली कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि वेलाकडे न बघता हवेतच बघू लागल्या. मला वाटलं ऊन लागलं.

“भमरो क्यां छे?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“भुंगा. माशी. एक पण नाय. मग कोळुं, भोपळा बसवणार कोण, तमारा महादेव?”

मी जरा रागानेच देवघरातलं ताट आणून दाखवलं. म्हटलं, महादेवाचं नाव असं घेऊ नका, त्याच्याचसाठी रोज हजार तुंबा खुडते, आज पस्तिसावा हजार. मणीबेननी ताटातलं एक फूल उचललं, उलटं करून देठ चोखलं आणि एक माझ्या ओठांशी धरलं. चोखलं. गोड लागलं. बोटं आठवली.

“आमच्या शेताच्या शेढ्यावर, बांधावर, कूबो कोणी उपटलो तो माझी सासू रोटलो नाय देती,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जेवणाचं ताट उचलून घेऊन गेलात, ने वरतून विचारता, पाहुणो केम नाय आव्यो.”

मी काही उत्तर देणार, तोच त्यांनी मांडवाच्या तळाशी एक पान उचललं. पानाखाली काकडी होती. वीतभर, हिरवीगार, काटेरी लव असलेली. तिच्या देठाला तांबडा दोरा बांधलेला.

“आ एक केम बेठी? ही एकच कशी धरली?”

मी वन्संकडे पाहिलं. त्या कळशी घासत राहिल्या, जिथे घासून झालं होतं तिथेच.

“वन्सं, हा दोरा कोणी बांधला?”

“मी.” मग कळशी पालथी घालून, “एका सकाळी नर फूल तोडून या फुलाला चोळून बघितलं. फळ धरलं. म्हणजे वेलात दोष नव्हता. माशीच येत नव्हती.”

“केव्हा कळलं तुम्हाला?”

“आठ दिवस झाले.”

“आठ दिवस, आणि बोलला नाहीत?”

“लाखोली माझ्यासाठी होती ना, वहिनी,” त्या म्हणाल्या. “मी कोणत्या तोंडाने म्हणू, बंद करा म्हणून?”

मणीबेननी टोपली उचलली. त्यातलं एक घोसाळं माझ्या हातात ठेवून त्या आल्या वाटेने गेल्या. तेवढा पोच सगळ्यांना असतो असं नाही.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, ती वहीत कोणत्या रकान्यात लिहावी हे अजून ठरलेलं नाही. मी वन्संसाठी पहाटे उठत होते, पाय भिजवत होते, चार घरं राबवत होते, आणि या सगळ्याबद्दल त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. वाडी त्यांची होती. परीक्षा त्यांची होती. लाखोलीची यादी तेवढी माझी. कोणाचं भलं करायला निघालेल्या माणसासमोर बोलायला केवढा जोर लागतो, आणि तो जोर आम्ही त्यांच्यात कधी येऊच दिला नव्हता.

संध्याकाळी ‘हे’ म्हणाले, “बोललेली लाखोली अर्धी टाकायची?”

भीती मलाही होती. देवाला शब्द दिलेला, तोही पुरता जाहीर. पण गळालेल्या फळांचा परळही डोळ्यांसमोर होता. मी वही महादेवापुढे उघडी ठेवली. पस्तीस हजारांपर्यंतच्या खुणा दाखवल्या आणि सांगितलं, पुढची पासष्ट हजार झाडावरच राहतील. तू मोजून घे, माझ्यापेक्षा तुला सोपं. जबाबदारी माझी, वन्संची नाही.

मग मी नवं पान घेतलं आणि ते वन्संपुढे सरकवलं. “तुम्ही सांगा, मी लिहिते.”

त्यांनी आधी पानाकडे पाहिलं. मग एक सांगितलं. मग दुसरं. मग इतक्या भराभर सांगायला लागल्या की मला टाक बुडवायला वेळ मिळेना. तुंब्याला हात लावायचा नाही. खांबातला चुना काढायचा. कडेला तेरडा, आघाडा, रानतुळस येईल तशी येऊ द्यायची. तुरीवर राख टाकायची नाही, ती गोल पानं एक माशी आपल्या घरट्याला कापून नेते. कोपऱ्यातली थोडी जमीन न सारवता उघडी ठेवायची, काही माश्या मातीत राहतात. आणि गल्लीतल्या तुळशी.

“तुळशींचं काय?”

“सगळ्याजणी मंजिऱ्या खुडतात. दसऱ्यापर्यंत नका खुडू म्हणावं.”

हे काम माझं. दुसऱ्या दिवशी मी घरोघर निघाले. ज्यांना मी महिनाभर फुलं खुडायला लावलं, त्यांनाच आता खुडू नका सांगायला. जिजाकाकू, ज्यांचे सासरे पागेत शिलेदार होते, ओट्यावर बसून मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, “काल भाग वाटून देत होतीस. आज काय, फुलांना सुट्टी?”

“महिनाभर.”

“आणि मंजिरी ठेवली की तुळस म्हातारी होते, ते?”

“होऊ दे की काकू. आपण नाही का झालो.”

त्या एवढ्या हसल्या की आतून सून बाहेर आली. तुळस तर दिलीच, वर म्हणाल्या, “भुंगे हवेत ना? मग आमच्या सासऱ्यांच्या राहुटीचे बांबू ने. माळ्याखाली पडलेत, भुंग्यांनी पोखरून बासरी केली आहे. सरपणाला काढणार होते.”

तो बांबूंचा दिवस. दिवेलागणीच्या जरा आधी, भुंगे आत शिरल्यावर, वन्संनी एकेका भोकात चिंधी घातली. तीन बांबू. एक टोक जिजाकाकूंच्या सुनेकडे, एक ‘ह्यांच्या’कडे, मधे वन्सं. आतून घूंऽऽ असा आवाज, आणि बांबू हातात थरथरायचा. ‘हे’ मान शक्य तितकी मागे नेऊन चालत होते. “इंदू, यातलं एखादं बाहेर आलं तर?”

“नाही येणार. दादा, हलवू नकोस.”

“मी नाही हलवत, ते हलवतंय.”

मांडवाच्या कडेला, पाऊस लागणार नाही असे बांबू बांधले आणि चिंध्या काढल्या. सकाळी मी सर्वांच्या आधी उठून जाऊन बसले. एका भोकातून काळं, चकचकीत डोकं बाहेर आलं. थांबलं. मग तो भुंगा उलटा निघाला, बांबूपुढे डावी-उजवी घिरट्या घालत घर पाठ केल्यासारखा फिरला, आणि सरळ घोसाळ्याच्या फुलात शिरला. बाहेर आला तेव्हा पाठीवर पिवळी पूड, हळदीच्या डब्यात पडल्यासारखी. दोन-तीन भुंगे जुन्या जागी जाऊन घुटमळले. राहिले ते पुष्कळ होते. मी वन्संना हाक मारायला गेले, तर त्या माझ्या मागेच उभ्या होत्या, तोंडावर पदर धरून. हसत होत्या. आठ वर्षांत त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

पुढचे दिवस कसे गेले सांगू? रोज नवं कोणीतरी. तुंबा चार दिवसांत पुन्हा पांढरा झाला. आधी त्या डासाएवढ्या काळ्या आल्या, मग फुलोरी. ती कुठून येते शोधत गेलो, तर मेंदीच्या कुंपणात तळहाताएवढं पोळं. निळ्या पट्ट्यांची आली तेव्हा पंखांचा आवाज इतका बारीक, की आम्ही दोघी श्वास धरून उभ्या. कचेरीतून ‘हे’ येताच मी दारातच सांगायची, आज नऊ प्रकार. ते चपला काढता काढता विचारायचे, “माणसांना चहा आहे का?” मंजिऱ्या राखणाऱ्या गल्लीभर एकमेकींना विचारू लागल्या, तुझ्याकडे निळी आली का गं? आणि आठव्या दिवशी, मांडवाच्या मधोमध, कोणी न चोळलेली, दोरा न बांधलेली काकडी. नवव्या दिवशी सात. मग मी मोजायचं सोडलं. खरंच सोडलं.

दसरा झाला. मोठ्या बाई उद्या येणार असा निरोप आला आणि माझ्यातली जुनी बाई जागी झाली. वही काढून मी लिहिलं: भिंतीपलीकडचा आणि कडेचा तुंबा कापणे, भोकं पडलेले बांबू हलवणे, उघडी जागा सारवणे. पाहुण्याला नीटनेटकं दिसायला हवं. वन्सं शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वाचलं, माझ्या हातातला टाक घेतला आणि तिन्ही ओळींवर रेघ मारली. माझ्या वहीत तोवर दुसऱ्या कोणाची रेघ नव्हती.

“बाईंना आवडलं नाही तर?” मी विचारलं.

“तर मी इथे आहेच,” त्या म्हणाल्या. टाक त्यांनी दौतीत परत ठेवला.

मोठ्या बाई गुजराती होत्या. उंच, सडसडीत, छत्रीचा काठीसारखा उपयोग करणाऱ्या. त्यांनी काकड्या पाहिल्या, घोसाळं वाकवून पाहिलं, भोपळ्यावर टिचकी मारली. “सरस,” म्हणाल्या. मग छत्रीचं टोक कडेच्या रानाकडे गेलं. “पण इंदुबेन, हे गवत? आणि हे सडके बांबू? शाळेची वाडी चोखी पाहिजे.”

“काढून टाकतो उद्याच,” माझ्या तोंडून गेलं.

“नाही,” वन्सं म्हणाल्या. “ते काढायचं नाही.”

बाईंनी मान वळवली. मीही.

“पाच आठवड्यांपूर्वी या मांडवावर फळ नव्हतं,” वन्सं बोलू लागल्या. “परस फार चोख होतं. माशीला खायला काही नव्हतं, राहायला काही नव्हतं. हे गवत माशीचं स्वयंपाकघर आहे आणि हे बांबू तिचं घर. हे काढलंत तर मुलींना मी फक्त वेल लावायला शिकवीन, फळ धरायला शिकवता येणार नाही.”

“काही नव्हतं का? फुलं कुठे गेली होती?”

वन्संनी घोसाळ्याचा एक सुटलेला शेंडा मांडवावर चढवला. माझं नाव त्या घेणार नव्हत्या, हे मला त्या आठ दिवसांवरून ठाऊक होतं.

“मी खुडत होते,” मी म्हटलं. “यांना जागा मिळावी म्हणून. लाखोली.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. ओठ हलले, पण हसू त्यांनी आवरलं. वन्संनी तुंब्याचं एक फूल काढून त्यांच्यापुढे धरलं. “देठाकडून चोखून बघा.” एवढी मोठी बाई, छत्री काखेत धरून, मिटल्या डोळ्यांनी तो थेंब चोखत होती आणि चेहरा सहा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता.

“मुलींना डसल्या तर?”

“एखादीला डसतील. चुना लावू.”

“मी एकच वाफा देईन असा. फक्त एक.”

“एक पुरे,” वन्सं म्हणाल्या. बाई दाराबाहेर पडल्या तेव्हा कुठे त्या विहिरीच्या काठावर बसल्या.

दिवाळी झाली आणि छोट्या आगगाडीने वन्सं डभोईला गेल्या. एक वळकटी, एक ट्रंक, आणि पुड्यांमध्ये बी: तुंबा, रानतुळस, तेरडा, तूर, वाघोडियाहून आणवलेले तीळ. घर महिनाभर चुकल्याचुकल्यासारखं झालं. कोणी न मागता कळशी भरून ठेवणारं माणूस गेलं, की ती कळशी आपोआप भरत नव्हती हे कळतं.

मी त्यांच्याकडे गेले ते पुढल्या वर्षी, मार्गशीर्षात. डभोईच्या वेशीतून आत शिरून शाळा शोधली. मागच्या अंगणात चाळीस मुली उकिडव्या बसलेल्या, आणि एका वाफ्याचे एव्हाना तीन झालेले. तूर पिवळी, कोरांटी जांभळी, तुळशींना हातभर मंजिऱ्या, आणि पलीकडे वांगी अशी लगडलेली की फांद्यांना काठ्यांचे टेकू. मी हरखून गेले. देवाला दोन फुलं न्यावीत म्हणून सवयीने हात कोरांटीकडे गेला, एक खुडलंही.

“फूल कोणी तोडलं?”

आवाज अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडून आला, खणखणीत. मी कोण ओरडतंय म्हणून बघितलं. वन्सं होत्या. चाळीस माना माझ्याकडे वळल्या. एक मुलगी म्हणाली, “बाई, ह्यांनी.”

“ह्या माझ्या वहिनी आहेत,” वन्सं म्हणाल्या. “पण नियम सगळ्यांना सारखा. फूल तोडणाराने काय करायचं?”

“वाफ्याला पाणी घालायचं,” चाळीस आवाज.

त्यांनी झारी माझ्या हातात दिली. चेहऱ्यावर हसूबिसू काही नाही. मी पदर खोचला. विहीर लांब होती आणि झारी जड. मुली ओळीने उभ्या राहून खेपा मोजत होत्या. तिसरी खेप ओतून मी कमरेवर हात ठेवला आणि विचारलं, “पुरे ना, बाई?”

वन्संनी वाकून माती बोटाने उकरून पाहिली.

“अजून एक,” त्या म्हणाल्या.